बारा मणी की तेरा?

राजकोटची दुकानं दुपारी झोपतात, अशी त्यांची ख्याती आहे. बडोद्याला तेवढी चैन परवडत नाही. बडोदं दुपारी फक्त आडवं होतं आणि शेजारी काय चाललंय त्याचा कानोसा घेत पडून राहतं. आमच्या गोत्रीत मात्र हल्ली आडवं होणंही बंद झालं आहे. दुपारी तीन वाजता कुठल्याही सोसायटीत कुठल्याही दाराची घंटा वाजवून पाहा. आतून आधी "एक मिनिट!" ऐकू येईल, मग स्टीलची वाटी कलंडल्याचा आवाज, मग फरशीवर काहीतरी बारीक बारीक घरंगळल्याचा आवाज, आणि मग दार उघडेल. उघडणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून कुरिअरवाला ओटीपीसुद्धा विचारत नाही. पाकीट ठेवतो आणि जिन्याने जातो. लिफ्टची वाट पाहत तिथे उभं राहणं त्याला धोक्याचं वाटतं.

गोत्री म्हणजे बडोद्याच्या पश्चिमेचं एके काळचं गाव. गावाची खूण म्हणून तलाव राहिला आहे, मोठेपणाची खूण म्हणून मेडिकल कॉलेज आणि इस्पितळ आलं आहे, आणि उरलेल्या जागेत फ्लॅट आहेत. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या वाड्यांमधून बाहेर पडलेली मराठी कुटुंबं आणि नोकरीधंद्यासाठी सौराष्ट्रातून आलेली गुजराती कुटुंबं इथे एकाच जिन्यावर राहतात. दोघांच्याही सामानात मणी होतेच. मराठी घराच्या टेम्पोतून शोकेस उतरली, तिच्यात मण्यांचा हंस होता. ऐंशीच्या दशकात हा हंस नसलेलं रुखवत म्हणजे मुलीच्या माहेरची माणसं जरा हात आखडून वागली, असा अर्थ निघायचा. हंसासोबत मोत्यांनी मढवलेला नारळ, टेलिफोनखाली घालायचा मण्यांचा रुमाल आणि जिच्यात रुपयाचं नाणंही आडवं मावत नाही अशी मण्यांची पर्स. गुजराती घराच्या टेम्पोतून निघालं ते आजीच्या आजीचं मोतीकाम: पांढऱ्या जमिनीवर निळे-लाल हत्ती, पोपट आणि झाडं असलेलं तोरण, भिंतीवरचा चौकोनी चाकळा, डोक्यावर घागरीखाली ठेवायची इंढोणी. काठियावाडच्या या मोतीकामातले काचेचे मणी एकोणिसाव्या शतकात व्हेनिसहून निघून पूर्व आफ्रिकेच्या व्यापाऱ्यांमार्फत आले होते. आमचे हंसाचे मणी मंगळ बाजारातून आले होते. त्यामुळे मण्यांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून गुजराती बाजू एका समुद्राने पुढे होती.

अशा जिन्यावर एके दिवशी सी विंगच्या बेनने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक गोरी बाई काहीही न बोलता मण्यांची गोल नळी विणत होती. बोटाएवढी जाड, आत पोकळ, वळवली तर वळणारी आणि सोडली तर पुन्हा सरळ होणारी. बेनने ती करून पाहिली आणि जमली. नवरात्रात चनियाचोळीवर गळ्यात घालायला बाजारात असली नळी मिळते, पण जिची किंमत ऐकून दुकानातून आपण नुसत्या बाहेर पडलो तीच वस्तू घरी झाली, याहून मोठं सुख गोत्रीत नाही. आठवड्याभरात क्लास सुरू झाला. फी नाही, फक्त चहा ज्याच्या घरी बसू त्याचा.

या टाक्याचं नाव पेयोटी. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या एका पंथात पेयोटी नावाच्या निवडुंगाला पूजेत स्थान आहे आणि पूजेच्या वस्तूंच्या मुठी या टाक्याने मढवतात, म्हणून टाक्यालाही तेच नाव पडलं. तो निवडुंग खाल्ला की नशा येते, ही माहिती तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी चहाच्या वेळी पुरवली. 1960 साली राज्य स्थापन झाल्यापासून गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे वातावरण जरा गंभीर झालं. शेवटी सर्वानुमते ठरलं की टाक्याला 'ट्यूबवाळुं' म्हणायचं. तेव्हापासून वर्गात अमेरिकन नाव कुणी घेत नाही. घेतलंच तर आवाज आपोआप खाली येतो.

साहित्य थोडकंच आहे आणि तिथेच पहिली गळती होते. मण्यांना नंबर असतात. आठ नंबरचा मणी साधारण तीन मिलिमीटर, अकरा नंबरचा दोन, पंधरा नंबरचा दीड. नंबर वाढला की मणी लहान होतो. ज्या बायका भाजीवाल्याच्या तीन रुपयांच्या चुकीवर खाली उतरून जातात, त्यांनाही हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. "पंधरा नंबर द्या, मोठा द्या," असं सांगून एकीने मंगळ बाजारातून जे आणलं, ते सगळ्यांनी बराच वेळ खसखस समजून बाजूला ठेवलं होतं. सुई मण्यांची वेगळी येते: लांब, केसासारखी, आणि तिचं नाक सुईच्या अंगाहून मुळीच रुंद नसतं, नाहीतर ते मण्यात अडकेल. म्हणजे सुईत दोरा ओवणं हाच स्वतंत्र उपक्रम. घरात शाळकरी नातू असलेल्या बाईचं वर्गातलं वजन यामुळे एकदम वाढलं. दोऱ्याऐवजी काहीजणी तंगूस वापरतात. तंगूस मजबूत असतो, मात्र त्याला रिळावरची आठवण फार. सरळ केला की पुन्हा गोल होतो, आणि गोल होताना मांडीवरचे मणी घेऊन होतो. साध्या नायलॉनला मेण लावून घ्यायचं असतं. त्या मेणासाठी देव्हाऱ्यातल्या मेणबत्त्या आखूड होऊ लागल्या, हे घरच्यांच्या लक्षात आलं ते वीज गेली तेव्हा.

आता टाका. बारा मणी ओवायचे, गाठ मारून रिंगण करायचं, सुई पहिल्या मण्यातून काढायची. मग एक मणी घ्यायचा, रिंगणातला एक मणी सोडायचा, त्याच्या पुढच्या मण्यात शिरायचं. पुन्हा एक घ्यायचा, एक सोडायचा, पुढच्यात शिरायचं. असे सहा मणी बसले की फेरी पूर्ण. सोडलेल्या मण्याच्या डोक्यावर नवा मणी बसतो, आणि विटांच्या भिंतीत असते तशी एकाआड एक रचना वर चढते. सांगायला एवढंच. पहिल्या तीन-चार फेऱ्या मात्र हातात जे असतं त्याला आकार नसतो. ती रिंग नसते, फूल नसतं, आत कुठलं आणि बाहेर कुठलं ते कळत नाही, आणि घरातला प्रत्येकजण नेमका त्याच वेळी येऊन विचारतो, "काय करतेस?" म्हणून ते मणी स्ट्रॉवर चढवून विणतात. गोत्रीत थंड लस्सीची जी स्ट्रॉ मिळते ती जाड असल्याने त्या उन्हाळ्यात लस्सीवाल्यांची विक्री वाढली असणार. लस्सी कुणाला नको होती, त्यामुळे ती नवऱ्यांना प्यावी लागली. पाचव्या फेरीच्या सुमारास चमत्कार होतो. दोरा ओढला की सगळे मणी एकदम आपापल्या जागी दाटीने उभे राहतात आणि स्ट्रॉभोवती भिंत उभी राहते. त्या क्षणी वर्गातली प्रत्येक बाई "आई गं!" किंवा "अरे वाह!" म्हणते. कुठली काय म्हणते यावरून फक्त मातृभाषा कळते.

खरा घोळ आहे तो पायरीचा. बारा मण्यांच्या रिंगणात फेरी संपली की थेट पुढच्या फेरीला लागता येत नाही. शेवटचा मणी घालून झाल्यावर सुई आणखी एका मण्यातून वर काढावी लागते: याच फेरीत पहिला बसवलेला जो मणी, त्यातून. ही पायरी विसरली की सुई खालच्याच मजल्यावर राहते, नव्या मण्याला बसायला जागा सापडत नाही आणि तो कुणाच्या तरी खांद्यावर बसतो. सगळी शिस्त बिघडते. बरं, पायरी कुठे आली हे खूण करून ठेवावं, तर ती दर फेरीला एक मणी पुढे सरकते. तळमजल्यावरच्या काकूंनी पहिल्या पायरीच्या मण्याला कुंकवाचा ठिपका लावला होता. दुसऱ्या फेरीला ठिपका चुकीच्या जागी, तिसऱ्या फेरीला आणखी चुकीच्या जागी. काकूंना वाटलं, ठिपका हलतोय. त्यांनी सुई ठेवली आणि चार दिवस दुपारी जप केला.

आणि इथेच, एवढ्याशा पायरीवरून, आमच्या जिन्यावर दोन पक्ष पडले. कारण रिंगणात बाराऐवजी तेरा मणी घेतले तर पायरी लागतच नाही! विषम संख्या असली की एका फेरीचा शेवटचा मणी आपोआप पुढच्या फेरीच्या पहिल्या जागेवर जाऊन पडतो आणि नळी गोल गोल जिन्यासारखी चढत राहते. फेरी कुठे संपली आणि कुठे सुरू झाली हे देवालाही सांगता येत नाही. हे सी विंगच्या बेनने सांगितलं तेव्हा गुजराती बाजूने टाळ्या वाजवल्या. "तो पछी बार शुं काम?" असं एकीने विचारलंही. मराठी बाजूने शांतपणे बारा मणी मोजून पुढे ठेवले.

हा भेद वरवरचा नाही. मराठी माणसाला फेरी संपल्याचा पुरावा लागतो. आभारप्रदर्शन झाल्याशिवाय आमचा कार्यक्रम संपत नाही, आणि आभार मानणारा माणूस माइकसमोर आला की लोक चपला शोधायला लागतात, कारण तीच आमची पायरी. हळदीकुंकवाला वाण दिलं की झालं, आरतीला मंत्रपुष्पांजली झाली की झालं, नाटकाला पडदा पडला की झालं. बारा मण्यांच्या नळीत निदान आपण कितव्या मजल्यावर आहोत हे कळतं. उद्या कुणी विचारलं, "किती झालं?" तर सांगता येतं, "चौतीस फेऱ्या." तेरा मण्यांच्या नळीवाल्याला त्याच प्रश्नावर हाताने लांबी दाखवावी लागते. आमच्या काकूंना हे अगदी असंस्कृत वाटतं.

गुजराती पक्षाचं म्हणणं असं, की काम आपलं आपण पुढे जात असेल तर त्याला मध्येच थांबवून नमस्कार कशाला करायचा? साखरपुड्यातून लग्न निघतं, लग्नातून रिसेप्शन, रिसेप्शनला आलेल्या पाहुण्यांतून पुढचं स्थळ. फेरी कुठे संपली ते विचारतं कोण? यावर मराठी बाजूने मुद्दा काढला की तुम्हीसुद्धा दिवाळीला चोपडापूजन करून वह्या बदलताच की. ती पायरी नाही तर काय? क्षणभर शांतता पसरली. मग चौथ्या मजल्यावरच्या भाभी म्हणाल्या, "वही बदलीए, पण बाकी तो आगळ लई जईए ने!" बाकी पुढे ओढली जाते. वादाचा निकाल लागला नाही, पण गुण कुणाला मिळाले ते सगळ्यांना कळलं.

पक्ष सोडून द्या, स्वभाव तरी कुठे लपतो? एक गट ओढणाऱ्यांचा. प्रत्येक मण्याला दोरा असा खेचतात की नळी काठीसारखी होते. गळ्यात घातली तर मान वळवता येत नाही. घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांची नळी सगळ्यात ताठ निघते, हे निरीक्षण मी वर्गात बोलून दाखवलेलं नाही. दुसरा गट सैल सोडणाऱ्यांचा. त्यांच्या नळीतून दोरा दिसतो, पण त्यांच्या घरी चहा सगळ्यात चांगला मिळतो. तिसऱ्या गटात एकच बाई आहे आणि ती विणत नाही. "बस, जोवा आवी छुं," म्हणून ती रोज येते, सोफ्याच्या कोपऱ्यात बसते आणि वर्गातली प्रत्येक चूक, चूक होण्याच्या आधी एक मणी, सांगते. तिला सुई हातात धरायला लावायचे सगळे प्रयत्न फसले आहेत. पण ज्या दिवशी ती आली नाही त्या दिवशी चौघींना उसवावं लागलं.

पुरुष सुरुवातीला तुच्छतेने पाहत होते. त्यांच्यातले पहिले जवळ आले ते आमच्याच मजल्यावरचे काका. काकांनी अख्खी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत काढली. 1965 साली रशियाच्या मदतीने सुरू झालेली ही रिफायनरी. तिथे आयुष्यभर नळ्या बघितलेल्या माणसापुढे बायका सहा मिलिमीटरची नळी घेऊन बसल्या आणि त्याला विचारलंही नाही, हे त्यांना लागलं. एक दिवस ते वर्गात आलेच. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, नळी दिव्याकडे धरून आरपार पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, आतला व्यास एकसारखा नाही हो. प्रेशर टाकलं तर इथे फुगेल." प्रेशर कोण टाकणार, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते व्हर्निअर कॅलिपर घेऊन आले. त्या दिवसापासून आमच्या वर्गातल्या नळ्यांना गुणवत्ता-तपासणी आहे, आणि काकांच्या घरी दुपारी शांतता आहे. त्यांच्या पत्नी सांगतात की त्या तीस वर्षांत पहिल्यांदा झोपल्या.

नळी जमली की माणूस नळीवर थांबत नाही. तिला वळण लावायला निघतो. त्यातलं पहिलं वळण रशियन स्पायरल. लहान आणि मोठे मणी आळीपाळीने घेऊन विणलेली जाळीदार, पिळाची नळी. नाव ऐकून काका ताठ उभे राहिले. "रशियनांचं काम पक्कंच असतं," म्हणाले. रशियन स्पायरल विणणाऱ्या दोघींना तपासणीतून सूट मिळाली. दुसरं वळण दक्षिण आफ्रिकेतल्या न्देबेले लोकांच्या नावाचं. त्यात मणी एकेकटा नाही, जोडीने घेतला जातो. एका मण्यातून खाली उतरायचं, शेजारच्यातून वर यायचं. मणी सत्यनारायणाला बसलेल्या जोडप्यांसारखे एकमेकांकडे किंचित कलून रांगेत बसतात. मराठी पक्षाला हा टाका एकदम पसंत पडला, आणि त्यातही शेवटी पायरी चढावी लागते म्हटल्यावर तर काकूंनी जप थांबवून सुई पुन्हा हातात घेतली.

तिसरं वळण सेलिनी. बेन्वेनुतो सेलिनी हा फ्लॉरेन्सचा सोनार आणि शिल्पकार. जन्म 1500 चा, मृत्यू 1571 चा. त्याने आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात आपण कुणाकुणाला मारलं हेही फुशारकीने सांगितलं. मण्यांचा आणि त्याचा संबंध एवढाच, की व्हर्जिनिया ब्लेकलॉक आणि कॅरल पेरनॉड या दोन अमेरिकन कलाकार बायकांनी या पिळाला त्याचं नाव दिलं. करायचं काय, तर टाका तोच, पेयोटी. फक्त रिंगणात सगळे मणी एका मापाचे घ्यायचे नाहीत. पंधरा नंबरचे दोन, अकराचे दोन, आठचे दोन, मग पुन्हा उतरत जायचं, आणि प्रत्येक मण्याच्या डोक्यावर त्याच्याच मापाचा बसवायचा. नळी आपोआप मळसूत्रासारखी वळायला लागते. मोठे मणी बाहेर डोंगर करतात, लहान मणी आत दरी. कुणी काही वेगळं केलेलं नसतं. फक्त एका गोलात सारखे नसलेले लोक शेजारी शेजारी बसवले की गोल सरळ राहत नाही. सोसायटीच्या कमिटीत बसलेल्या दोघींना हे आधीपासून माहीत होतं.

बडोद्याचं स्वतःचं वळण मात्र पहिल्या मजल्यावरच्या मुलीने काढलं. ती मुलगी इंजिनिअरिंगला आहे आणि वर्गात सगळ्यात कमी बोलते. तिने तोंडाकडे कमी मणी, पोटाकडे वाढवत नेलेले, शेपटाकडे पुन्हा कमी करत आणलेले, अशी हिरवी नळी विणली आणि चार पाय लावले. मगर! विश्वामित्रीच्या पात्रात भर शहरात मगरी राहतात हे बडोद्याला नवीन नाही. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या रस्त्यांवर आणि घरांच्या आवारातही आल्या होत्या. सगळ्यांना ती किल्लीला लावायची मगर हवी झाली. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी नको म्हटलं. पुरात त्यांच्या बहिणीच्या पार्किंगमध्ये खरी मगर आली होती, आणि स्कूटीची किल्ली शोधताना पर्समध्ये हाताला मगर लागावी एवढं त्यांचं मन अजून घट्ट झालेलं नाही.

मणीकाम किती जुनं, यावरही चर्चा झडली, कारण मराठी पक्षाला व्हेनिसचा हिशोब चुकता करायचा होता. इजिप्तमध्ये ममींवर मण्यांच्या जाळ्या पांघरत, हे कुणीतरी सांगितलं. "म्हणजे मेल्यावरसुद्धा सुटका नाही," सैल गटातून आवाज आला. मग गुजराती पक्षाने लोथल काढलं. हडप्पा काळातलं मणी करण्याचं ठिकाणच तिथे सापडलं आहे. आणि उत्तर गुजरातेत झेकडा इथे तर एका मडक्यात त्या काळचे हजारो सूक्ष्म मणी मिळाले, आमच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. मणी किती मोठा? सुमारे एक मिलिमीटर. वर्गात पंधरा नंबर काढला की डोकं धरून बसणाऱ्या सगळ्या बायका गप्प झाल्या. चार हजार वर्षांपूर्वी ट्यूबलाइट नव्हती, जाड भिंगाचा चष्मा नव्हता, शाळकरी नातू मात्र असणार, असं अनुमान निघालं.

आता मराठी पक्षाने हुकमाचं पान टाकलं: खंडेराव गायकवाडांचा मोत्यांचा गालिचा. 1856 ते 1870 राज्य केलेल्या या महाराजांनी बसऱ्याच्या मोत्यांनी गालिचा भरवून घेतला. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्याचा त्यांचा मानस होता, असं सांगतात. मोती पंधरा ते वीस लाख असावेत असा अंदाज. 2009 साली दोह्याच्या लिलावात तो सुमारे पंचावन्न लाख डॉलरला गेला. "आमच्या बडोद्याचा!" काकू म्हणाल्या. हा 'आमच्या' उच्चारताना त्यांनी दांडिया बाजाराच्या दिशेने हात केला. चौथ्या मजल्यावरच्या भाभींनी डोळे मिटून तोंडी भागाकार केला. "मोत्यामागे त्रणेक डॉलर पड्या," त्या म्हणाल्या. "मजूरी काढतां खास कंई बचतुं नथी." आणि सी विंगच्या बेनने उरलीसुरली हवाही काढली: "पण ए तो भरतकाम. रेशीम अने चामडा उपर. ट्यूब क्यां छे?" खरं होतं. पंधरा लाख मोत्यांत एक नळी नव्हती.

एवढ्या सगळ्या खटाटोपावर शेवटचा शब्द ठेवला तो बांनी. बा म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या भाभींच्या सासूबाई, काठियावाडच्या. त्या सहसा वर्गाला येत नाहीत, पण त्या दिवशी वर्ग त्यांच्याच दिवाणखान्यात होता. सी विंगच्या बेनने पूर्ण झालेली पहिली नळी कौतुकाने त्यांच्या हातात दिली. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती, मरून आणि सोनेरी. बांनी ती बोटात फिरवली, टाका पाहिला, आत बोट घालून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आ तो बळदनां शिंगडांनुं छे!"

बैलाच्या शिंगांचं! सौराष्ट्रात सणासुदीला, लग्नाला बैल सजवत, त्याच्या पाठीवर झूल, कपाळावर मोतीकामाची पट्टी आणि दोन्ही शिंगांवर मण्यांची विणलेली निमुळती खोळ. बांच्या माहेरी पेटीत होत्या त्या खोळी. त्या अगदी तल्लीन होऊन सांगत होत्या, रंग कुठले, खाली गोंडे कसे, बैल किती ऐटीत मान हलवायचा. वर्गात मात्र कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. व्हिडिओतली गोरी बाई, अमेरिकन निवडुंग, फ्लॉरेन्सचा सोनार, आफ्रिका, रशिया, असा सगळा प्रवास करून जी नळी आपण नवरात्रात गळ्यात घालणार होतो, ती बांच्या माहेरी कधीपासूनच बैल घालत होते. काकूंनी मराठी बाजूची अब्रू राखायला सांगितलं की पोळ्याला आम्ही पण शिंगांना रंग लावतो, बेगड चिकटवतो. बा म्हणाल्या, "ए तो कागळ. आ तो मोती." आणि नळी परत करताना एक सूचना केली: टोकाकडे आणखी दोन मणी कमी करा, नाहीतर शिंगावर बसणार नाही.

त्यानंतर दोन दिवस वर्गात उपस्थिती कमी होती. तिसऱ्या दिवशी सगळ्याजणी आल्या, कारण नवरात्र कुणाच्या मानापमानासाठी थांबत नाही. बारा-तेराचा वादही त्याने मिटवला. शेवटच्या आठवड्यात ज्यांची नळी अर्धी होती त्यांना मराठी पक्षानेही सांगितलं, तेराने धरा, पायरीचा वेळ वाचेल. आणि ज्यांना रंगाचे पट्टे आडवे सरळ हवे होते त्या गुजराती मुलींनी गुपचूप बारा मोजले, कारण तेरात पट्टा तिरका पळतो. उरलेल्या तुकड्यांचीही सोय झाली. कुणी पेनवर चढवले, कुणी चार्जरच्या वायरीवर. एकीने गॅसच्या नळीचं मोजमाप घेतलं तेव्हा काकांनी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात आवाज चढवला. सुरक्षेच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत.

नवरात्राच्या पहिल्या रात्री सगळ्या नळ्या मैदानावर गेल्या. हजारो माणसं गोलात गोल करून फिरत होती, आणि फ्लडलाइटखाली चमकणाऱ्या त्या मण्यांकडे पाहून सम कुठली, विषम कुठली, पेयोटी कुठली, न्देबेले कुठली, हे विणणाऱ्यांनाही ओळखता येईना. बाजारातली कुठली आणि गोत्रीतली कुठली हे मात्र प्रत्येक बाईला शंभर फुटांवरून ओळखता येत होतं, आणि ती तसं शेजारणीला मोठ्याने सांगतही होती. काकांचं म्हणणं, ओळखणं अगदी सोपं आहे. एखादी नळी मधोमध कापून आतून पाहिली की लगेच कळेल. त्यांना बाकीच्या रात्रींचे पास कुणी आणून दिलेले नाहीत.